खाडीवरचा आळ

लोकांच्या घरी जायचं, चप्पल दाराबाहेर काढायची, दिलेलं पाणी प्यायचं आणि मग विचारायचं, "तुमचे आजोबा कशाने गेले?" या कामाचा मला पगार मिळतो.

या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहा म्हटलं तेव्हा मी त्यांना सावध केलं होतं. वाचक करंज्यांचं ताट शेजारी घेऊन बसणार आणि मी त्याला मधुमेहाची गोष्ट सांगणार, हे सणासुदीचं वागणं नव्हे. संपादक म्हणाले, सांगा, आमच्या वाचकांना याहून वाईट वाचायची सवय आहे. तर करंजी हातात असेल तर राहू द्या. एकीने काही होत नसतं.

मी विरारला राहते. शिक्षणाने प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, हौसेने नटी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसतं आणि खाष्ट सासू दरवर्षी मलाच मिळते. माझ्या मुलाचं लग्न व्हायचं आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींच्या आया माझ्याकडे कशा बघतात ते मला स्टेजवरून दिसतं. पण मला आतापर्यंत जे काही मिळालं ते आवाजावर मिळालं, आणि सुईच्या धंद्यात आवाजाला फार महत्त्व आहे. शीर घाबरते. दटावलं की आत पळते, गोड बोललं की वर येते. हे पुस्तकात नाही, पण कुणाही रक्त काढणाऱ्या बाईला विचारा.

कितीतरी वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत घालवल्यावर मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या कामात शिरले. काम असं, की वसई-विरार भागात गावोगाव फिरायचं, निरनिराळ्या समाजांतल्या लोकांची परवानगी घेऊन रक्त घ्यायचं, वजन-उंची मोजायची आणि घराण्यात कुणाला साखर, कुणाला हृदयविकार होता त्याची वंशावळ काढायची. रक्त बर्फाच्या पेटीतून मुंबईला जातं. तिथे त्यातली जनुकं वाचतात. आमच्या मॅडम, म्हणजे या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर, वसईचं नाव काढलं की हरखतात. इथे किरिस्तांव वाडीवाले आहेत, खाडीकाठचे शेतकरी आहेत, कोळी आहेत, पूर्वेला डोंगरालगतचे आदिवासी पाडे आहेत आणि आमच्यासारखे कोकणातून, देशावरून आलेले फ्लॅटवाले. प्रत्येकाने पिढ्यानपिढ्या आपापल्यातच सोयरिकी केलेल्या. "एवढ्याशा तालुक्यात केवढं वैविध्य," असं मॅडम म्हणतात. मी म्हणते, मॅडम, हे वैविध्य ग्रामपंचायतीच्या सभेत बघायला या.

हे सगळं कशासाठी, ते मला पहिल्यांदा नीट समजलं ते एका मसाल्यामुळे.

पश्चिमेच्या एका वाडीत रोझीमावशी राहतात. वाडीत केळी, विहीर, ओट्यावर क्रूस. त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं, सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, उपाशीपोटी रक्त घ्यायचं आहे. मावशी शिस्तीच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर थेंब पाणी नाही. सकाळी आम्ही पोचलो, त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसून स्वतःही कपभर प्यायल्या, साखर घालून.

"मावशी, उपाशी राहायचं होतं ना?"

"होते की, तू येईपर्यंत. पाहुण्याला एकट्याने चहा प्यायला लावतात ते पोलीस ठाण्यात. हे घर आहे."

नमुना वाया. दुसऱ्यांदा गेलो तर तेच. तिसऱ्यांदा मी उंबऱ्यावरच हात जोडून उभी राहिले आणि जाहीर केलं, की माझं व्रत आहे, रक्त काढून होईपर्यंत यजमानाच्या घरचं पाणीही मला चालत नाही. मावशींचा चेहरा एकदम आदराने भरला. व्रत त्यांना कळतं. बाही वर करून म्हणाल्या, "मग लवकर आटप, तुझ्या तोंडाला कोरड पडली असेल." तेव्हापासून हे खोटं व्रत मी तालुकाभर पाळते आहे. देवाला माहीत आहे, त्याने माफ केलेलं आहे.

रक्त काढून झालं, चहा झाला, आणि मावशींनी मला बाटली मसाला कसा करतात ते दाखवलं. बियरच्या जुन्या बाटलीत काठीने ठासून भरतात तो. त्यात मिरच्या, धणे, हळद इथपर्यंत मला नावं आली, पुढे आली नाहीत. प्रत्येकाची चिमूट. "यातलं एखादं राहिलं तर?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "काही कळत नाही. दोन राहिली तरी कळत नाही. पण सगळीच थोडी थोडी चढली, की मग नवरा ताटावरून उठतो."

मी तिथेच उठून उभी राहिले. मॅडम मला महिनाभर जे समजावत होत्या ते हेच होतं. काही आजार मिठासारखे असतात. एकच जनुक बिघडतं आणि घास तोंडात जाताच कळतं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे बाटली मसाल्यासारखे. शेकडो जनुकांची चिमूट चिमूट. एकालाही पकडून 'तू केलंस' म्हणता येत नाही. शिवाय तोच मसाला मंद आचेवर एक लागतो आणि भडक्यावर दुसरा. आच म्हणजे आपलं खाणं, चालणं, झोप, काळजी. आणि घराघराचा मसाला वेगळा. आजवर जगाने ज्या मसाल्यांचा अभ्यास केला ते बहुतेक गोऱ्या लोकांच्या घरचे. त्यावरून आपल्या कालवणाची चव सांगायला गेलं, की अंदाज चुकतो. म्हणून आम्ही बर्फाची पेटी घेऊन दारोदार फिरतो.

आता पांडुशेठ.

नायगावच्या खाडीकाठच्या एका गावात यांचं घर. एके काळी खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनीत, भात आणि पलीकडे मिठागर. आता खाजणाच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत, बाराव्या मजल्यावर, त्यांचा मुलगा नीलेश राहतो. पांडुशेठ मात्र खालीच, जुन्या घरात. "मी वर नाय जानार. वरून खाडी नकाशासारखी दिसते. नकाशात मासं भेटत नाय." उंच, काळा, पहाडी माणूस. पायात चप्पल कधी नाही. लग्नाच्या हळदीत सगळ्यात आधी नाचायला उतरणारा आणि सगळ्यात शेवटी जेवणावरून उठणारा. पहिल्या भेटीत मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि पाचव्या मिनिटाला आम्ही एकमेकांच्या नकला करत होतो.

रक्ताचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"बाय, ते बाकीच्यांचं घे. माझं नको. मना दाखला हाय."

आणि खरंच होता. देवांच्या तसबिरी आणि वडलांचा हार घातलेला फोटो यांच्या मधोमध, काचेच्या चौकटीत. नीलेशने वाढदिवसाला भेट म्हणून एका कंपनीची जनुक तपासणी मागवली होती. नळीत थुंकायचं, नळी पाठवायची, अहवाल येतो. अहवालात एक हिरवी पट्टी आणि खाली लिहिलेलं, मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा कमी.

"हा दाखला लागल्यापासून आमच्या घरान साखर टिकत नाय," आतून आवाज आला. त्यांची बायको हिराबाय. "जिलबी पुढं आली का दाखल्याकडं बघतो आनि खातो. जसा काय परवानाच."

"परवानाच हाय तो."

बोलता बोलता माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. डाव्या करंगळीला हळदीचं फडकं बांधलेलं होतं. खाडीत जाळं लावताना कालवाची धारदार शिंपली लागली होती. केव्हा, तर आषाढात. आम्ही बोलत होतो श्रावणाच्या शेवटी.

"अजून भरली नाही जखम?"

"भरंल. दुखत तर अजिबात नाय."

जखम दुखते म्हणणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटत नाही. एवढी ओली जखम आणि दुखत नाही म्हणणाऱ्याची वाटते. साखर फार वर्षं वाढलेली असली की पायाच्या नसा मुक्या होतात. मी म्हटलं, शेठ, आजच्या आज डॉक्टरकडे जा. ते गेले होते म्हणे. गावातल्या डॉक्टरने साखर तपासायला सांगितली. यांनी त्याला मोबाइलवर चौकटीचा फोटो दाखवला आणि परत आले.

"आनि तसंही हे डॉक्टरचं काम नाय," त्यांनी मला समजावलं. "हे खाडीचं हाय."

गोष्ट अशी होती. पणजोबांनी खाडी हटवून बांध घातला, खाजण केलं आणि खाडीला मानाचा नारळ द्यायला विसरले. तेव्हापासून खाडी या घराण्यातल्या प्रत्येक पिढीत एक पाय मागते. आजोबांचा घेतला, वडलांचा गुडघ्यापर्यंत घेतला. दरवर्षी नारळी पौर्णिमेला नारळ जातो, पण जुनं वैर आहे. उपाय एकच, भरतीच्या वेळी जखमी पाय खाडीच्या पाण्यात बुडवून बसायचं. तिने धरलेलं तिनेच सोडायचं. पांडुशेठ रोज भरतीला जाऊन बसत होते. मुकी, उघडी जखम घेऊन, त्या पाण्यात.

मला तपासणीचा सल्ला देता येतो, निदान करता येत नाही. आमच्या कामाचा तो नियम आहे आणि चांगला नियम आहे. मी हात जोडून तीनतीनदा सांगितलं आणि निघाले. हिराबाय फाटकापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा.

"माझ्या सासऱ्याचा पाय मी धुतलाय, बाय. मना तो वास माहीत हाय. तू सर्वपित्रीला ये. आत्या येते, नीलेश येतो. सगल्यांसमोर बोल. एकट्यानं आयकनारा नाय तो."

तोवर गणपती आले आणि मी सासूच्या भूमिकेत गुंतले. पण सुनेला छळताना मध्येच मला ती करंगळी आठवायची आणि प्रॉम्प्टर पडद्यामागून वाक्य सांगायचा.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी पोचले तेव्हा चूल पेटलेली होती. ओट्यावर केळीची पानं, लाल भोपळा चिरून ठेवलेला, काकडीच्या चकत्या, वाटीत काळे तीळ. गोमाआत्या, म्हणजे पांडुशेठच्या वडलांची बहीण, दात एकही नाही पण स्मरण कोरं करकरीत, भिंतीला टेकून बसली होती. नीलेश ऑफिसला दांडी मारून आला होता. आणि पांडुशेठनी धोतर नेसलेलं, त्याखाली ती करंगळी. फडक्याच्या कडेला कातडी जांभळट झाली होती.

मी वंशावळीचा कागद काढला. आमच्याकडे पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर ते काळं करायचं. कागद बघून आत्या म्हणाली, "मना दिसत नाय. मोठी काढ." मी ओट्यावर रांगोळीने काढते म्हटलं, तर हिराबायने माझा हात धरला. पितरांच्या दिवशी रांगोळी घालत नाहीत.

मग माझ्यातली नटी जागी झाली. मी भोपळ्याची परात ओढली.

"आत्या, ही चौकोनी फोड म्हणजे पुरुष. काकडीची चकती म्हणजे बाई. तुम्ही नाव घ्या, मी मांडते."

"म्हनजे माझा बा भोपला?" आत्या म्हणाली.

"आणि तुम्ही काकडी."

आत्या अशी हसली की आम्हाला तिला पाणी द्यावं लागलं. पण मग बोलायला लागली. त्या घरात सर्वपित्रीला नुसतं नाव घेऊन भागत नाही. ज्याच्या त्याच्या नावाने त्याच्या आवडीचं पानावर वाढायचं असतं, त्यामुळे कोण काय खायचा ते आत्याला पाठ. आणि खाण्याबरोबर बाकीचंही निघत गेलं.

"ढाकूबा. माझा बा. त्याला तांदलाची खीर. निजायचा तो पान्याचा हंडा उशाशी घेऊन. तहान भागायचीच नाय त्याची. मुतायला जायचा त्या भिंतीला मुंग्यांची रांग. पाय खाडीनं घेतला."

मी भोपळ्याच्या फोडीवर काळ्या तिळाची चिमूट ठेवली.

"हा पांडूचा बाप. माझा भाऊ. यालाबी गोडच. शेवटी रोड झालेला, इतकं खाऊन हाडं दिसायची. पाय खाडीनं."

चिमूट.

"धाकटा भाऊ. तो बरा. म्हातारा होऊन गेला, कायबी नाय झालं त्याला." ती फोड मी तशीच ठेवली. सगळ्यांवर तीळ पडत नाहीत, हेही दिसायला हवं होतं.

"आनि माझी बहीन. ताराबाय. तिकडं डोंगराकडं, चांदीपला दिली. तिचा पाय..." आत्या थांबली.

"तिचा पाय कुणी घेतला, आत्या?"

"गेला व्हता तिचापन. शेतात काटा लागलेला."

मी काकडीची चकती उचलली. इथे मला एक कबुली द्यायची आहे, की पुढचं वाक्य मी उभी राहून, पदर खोचून, पूर्ण आवाजात म्हटलं. स्वभाव.

"मी खाडीची वकील आहे. मला एवढंच सांगा, चांदीपला तुमची खाडी गेली कशी? तिकडे भाताची शेतं. ताराबाय लग्न होऊन गेली, खाजणात पाऊल टाकलं नाही. घराण्यातली मुलगी म्हणून तिने जाताना बरोबर काय नेलं? खाडी नेली?"

चुलीवरची खीर उतू गेली तरी हिराबाय उठली नाही.

"रक्त नेलं," नीलेश हळूच म्हणाला.

मी चकतीवर तीळ ठेवले. ओल्या काकडीला ते घट्ट चिकटले.

पांडुशेठनी त्या मांडणीवरून नजर उचलली. मग भिंतीवरच्या चौकटीकडे हात केला. "आनि त्याचं काय? माझंबी रक्तच... नाय, थुंकी. थुंकीबी घरचीच ना?"

मी नीलेशला म्हटलं, कंपनीचा पूर्ण अहवाल मोबाइलवर असेल, त्याचं शेवटचं पान वाच. चौकटीत फक्त पहिलं लागलंय. त्याने शोधून वाचलं. बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की हा अंदाज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे, इतरांसाठी तो कमी अचूक असू शकतो. आणि हेही, की अहवाल म्हणजे निदान नव्हे.

"शेठ, हिराबायचं झंपर दुसऱ्या बाईच्या मापाने शिवलं तर?"

"फाटंल."

"माझ्यावर कशाला घेता?" हिराबाय म्हणाली.

"कापड चांगलं, शिंपी प्रामाणिक, माप परकं. हा दाखला तसा आहे. परदेशातल्या मापाने शिवलेला."

पांडुशेठ हनुवटी खाजवत म्हणाले, "म्हनजे गोऱ्या पांडूला साखर नाय. काल्या पांडूचं कोनी बघितलंच नाय."

आमच्या मॅडमनी अख्ख्या प्रकल्पाची प्रस्तावना इंग्रजीत लिहिली आहे. त्यातलं सार यापेक्षा फार वेगळं नाही. मॅडमना ते वाक्य इतकं आवडलं की त्या आता भाषणांत वापरतात, पांडूचं नाव गाळून.

नीलेशचं तोंड मात्र उतरलं होतं. त्याने प्रेमाने दिलेली भेट होती. पांडुशेठनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोंड पाडू नको. तू दिलंस म्हनून भिंतीवर लावला. तुझ्या शालंचं प्रगतीपुस्तक लावायला मना कधी भेटलंच नाय."

मग हिराबायने संधी साधली. "आवो, तोंड बंद करा आनि बोट पुढं करा."

आता उपाशीपोटीचा प्रश्न. पण तोवर पितरांचं पान वाढून कुंपणाशी ठेवलेलं होतं आणि कावळा शिवल्याशिवाय कर्त्या पुरुषाने काही खायचं नसतं. इमारती झाल्यापासून कावळे त्या गच्चीवरून या गच्चीवर, त्यांना पानांची कमी नाही. दुपार कलली तरी कावळा आला नव्हता. म्हणजे पांडुशेठ आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी. तालुकाभर खोटं व्रत सांगत फिरणाऱ्या मला त्या दिवशी खरं व्रत आयतं मिळालं.

आधी बोटाला टोचून छोट्या यंत्रावर पाहिलं. आकडा मी इथे लिहीत नाही, तो त्यांचा आहे. उपाशी माणसाचा असा आकडा मी तोवर फार थोड्या वेळा पाहिला होता, एवढं सांगते. नीलेशने मान वळवून वाचला आणि गाडीची किल्ली काढली.

"थांब," पांडुशेठ म्हणाले, "कावला शिवूंदे."

"तुमच्या बापाला कबूल करा," हिराबाय म्हणाली. "म्हना, दवाखान्यात जातो, मग शिवंल."

पांडुशेठ हात जोडून पानासमोर उभे राहिले. "बा, जातो दवाखान्यात. पाय वाचला तर चप्पल घालंन." एक कावळा आला, कुंपणावर बसला, मान तिरकी करून त्याने सगळा विचार केला, आणि उडून शेजाऱ्यांच्या पानावर गेला.

"तुझा बा पहिल्यापासून तसाच," गोमाआत्या म्हणाली. "शेजाऱ्याचं कालवन आवडायचं त्याला. जा तू. मी बसते कावल्यासाठी."

आणि ते गेले. गाडीत बसताना मी त्यांना आधार देऊ लागले तर म्हणाले, बाय, मी नाटकातला म्हातारा नाय. पण हात त्यांनी सोडला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गोष्ट गेली असती. करंगळी गेली. पाय राहिला. मी भेटायला गेले तेव्हा पांडुशेठ उशीला टेकून हिशेब सांगत होते, "बापाचा गुडघ्यापर्यंत गेला, माझी करंगली. पिढीला सवलत मिलत चाललीय. नीलेशचं नख जाईल." नीलेश हसला नाही. त्याने त्याच आठवड्यात स्वतःची तपासणी करून घेतली होती आणि बाराव्या मजल्यापर्यंत जिन्याने जायला लागला होता.

पण त्या खाटेवर एक नवीनच भानगड सुरू झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पांडुशेठ सांगू लागले, की आता कळलं, खाडी नाही, जनुकांनी पाय धरला होता. शाप तोच, फक्त देवाचं नाव बदललेलं. मॅडम मुद्दाम मुंबईहून आल्या होत्या. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचे धाकटे काका आठवा. त्यांच्याही रक्तात यातलं पुष्कळ असणार. ते काय काम करायचे?"

"मिठागरावर. मरेपर्यंत. सगला दिवस पायी."

"शाप असता तर पायी चालण्याने टळला असता?"

खाजण विकलं तेव्हापासून आपण किती चालतो, हे पांडुशेठ बोटांवर मोजत असावेत. मग म्हणाले, "म्हनजे मसाला घरचा, पन गॅस मीच मोठा केला." रोझीमावशींचा मसाला मी त्यांना आधीच ऐकवला होता, हे उघड आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

या कामात एक गोष्ट लागते मनाला. आम्ही रक्त नेतो आणि लोक विचारतात, उत्तर केव्हा? साखरेचा आकडा मी लगेच देते. पण खरं उत्तर, म्हणजे काळ्या पांडूच्या मापाचा दाखला, अजून शिवून तयार नाही. त्याला पुष्कळ गावांचं पुष्कळ रक्त लागतं, आणि वेळ. रोझीमावशी दर ख्रिसमसला विचारतात, झालं का गं तुमचं? मी सांगते, मावशी, ठासून भरतोय, बाटली मोठी आहे. त्या मान हलवतात. त्यांच्या हयातीत त्यांना एवढी मोठी बाटली भरलेली बघायला मिळेल असं मला वाटत नाही, आणि तो विचार आला की मी त्यांच्याकडे दुसरा कप मागते.

पुढच्या नारळी पौर्णिमेला पांडुशेठचा फोन आला. "बाय, खाडीवर ये. काम हाय."

मी गेले. बंदरावर गाव जमलं होतं. पांडुशेठच्या पायात डॉक्टरांनी सांगितलेले मऊ बूट, पांढरेशुभ्र, धोतराखाली ते असे दिसत होते की गावातली पोरं त्यांना शिट्ट्या मारत होती. ते ऐटीत चालत होते. हातात नारळ दोन.

"दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"हा नेहमीचा, मानाचा. आनि हा..." त्यांनी दुसरा नारळ माझ्या हातात दिला. "चार पिढ्या आळ घेतला तिच्यावर. बाईमानूस असती तर कोर्टात खेचलं असतं आमाला. तू वकील हाय तिची. तुझ्या हातानं दे."

मी गुडघाभर पाण्यात गेले, नारळ सोडला आणि परत आले. भरती चढत होती. नारळ थोडा आत गेला, गरकन फिरला आणि लाटेबरोबर परत आला. थेट पांडुशेठच्या बुटाला येऊन लागला.

खाडीने नारळ परत करणं ही काही साधी गोष्ट नव्हे. पांडुशेठचा चेहरा उतरला. पाणी बुटाच्या टोकापर्यंत आलं, टेकलं, आणि मागे गेलं.

हिराबाय वाकली, नारळ उचलून तिने पदराने पुसला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "पाय नको तिला. कधीच नको व्हता."